प्रार्थनेने रोगमुक्ती : ख्रिस्ती श्रद्धेचे आधुनिक रूप

आजारी माणसासाठी प्रार्थना केली असता ईश्वर त्यास प्रत्यक्ष बरे करतो, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. परंतु आज ती ज्या स्वरूपात आपल्यासमोर येते, म्हणजे सभामंडप, ध्वनिक्षेपक, रोग्याच्या मस्तकावर हात ठेवणारा पास्टर आणि व्यासपीठावर येऊन 'मी बरा झालो' अशी साक्ष देणारी माणसे, ते स्वरूप फार तर दीडशे वर्षांचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही अशा प्रार्थनासभा भरतात. त्यांना जाणाऱ्यांमध्ये आपल्या वस्त्यांतील कुटुंबेही असतात. विशेषतः ज्यांच्या घरी जुने दुखणे आहे, ज्यांचे पैसे औषधांत संपले आहेत, किंवा ज्यांना दवाखान्यात कोणी नीट उत्तर दिलेले नाही अशी.

या प्रकाराकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. काहीजण त्याची टिंगल करतात. काहीजण त्यात केवळ धर्मांतराचा डाव पाहतात. दोन्ही रीतींत एक उणीव आहे. ही श्रद्धा नेमकी काय आहे, ती कोठून आली आणि माणसे तिच्याकडे का वळतात, हे समजून घेण्याचे श्रम त्यांत वाचविले जातात. प्रस्तुत लेखात हे श्रम घ्यावयाचे आहेत. त्याचबरोबर अशा श्रद्धेची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावी, याचाही विचार करावयाचा आहे. 'किती बरे झाले' ही कसोटी सर्वांच्या ओठांवर असते. माझ्या मते तिच्याहून महत्त्वाची कसोटी दुसरीच आहे : जो बरा झाला नाही, त्याला ही श्रद्धा काय सांगते?

शुभवर्तमानातील दोन धागे

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात येशूने आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी आणि भूतबाधा झालेले मानले गेलेले लोक बरे केल्याच्या अनेक कथा आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी, विश्वास ठेवणारे लोक रोग्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील, असे आश्वासन येते. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असा विधी सांगितला आहे. आजच्या प्रार्थनासभेतील हात ठेवणे आणि तेल लावणे हे दोन्ही प्रकार येथून आलेले आहेत.

या कथा वाचताना त्यांतील दोन धागे वेगळे केले पाहिजेत. पहिला धागा रोग्याच्या विश्वासाचा. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येशूच्या वस्त्राला स्पर्श करते आणि तिच्या विश्वासानेच ती बरी झाली, असे तिला सांगितले जाते. येथे बरे होणे आणि विश्वास यांचा थेट संबंध जोडलेला आहे. दुसरा धागा याच्या उलट दिशेने जातो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. प्रेषित पौलाला शरीरात काट्यासारखे सलणारे काही दुखणे होते. त्याने तीनदा विनवणी केली, तरी ते गेले नाही. हाच पौल ज्या लूकचा उल्लेख करतो, तो वैद्य होता. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा व्यवहारी सल्लाही दिलेला आहे.

एकाच ग्रंथात हे दोन्ही धागे आहेत. पुढच्या काळात कोणत्या पंथाने कोणता धागा उचलला, यावर त्याची रोग्याकडे पाहण्याची दृष्टी ठरली.

चमत्कारांचा काळ संपला, असे मानणारी शतके

मध्ययुगीन युरोपात रोगमुक्ती ही संतांच्या अवशेषांशी आणि तीर्थस्थानांशी जोडली गेली. तेल लावण्याचा विधी हळूहळू मरणासन्न माणसाचा अखेरचा संस्कार होऊन बसला. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, त्याला पुन्हा आजाऱ्यांसाठीच्या संस्काराचे रूप दिले. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट सुधारकांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, अशी भूमिका घेतली की चमत्कार हे प्रेषितांच्या काळापुरते होते आणि त्यांचे प्रयोजन संपलेले आहे. अमेरिकी धर्मपंडित बी. बी. वॉरफिल्ड याने १९१८ सालीही याच भूमिकेचे जोरदार समर्थन केले. तेव्हा 'ख्रिस्ती म्हणजे प्रार्थनेने रोग बरा होतो असे मानणारा' हे समीकरण सरसकट खरे नाही. ख्रिस्ती समाजातच या प्रश्नावर आजपर्यंत तीव्र मतभेद आहेत.

कॅथलिक परंपरेत चमत्काराची श्रद्धा टिकली, पण चर्चने ती आपल्या चौकशीखाली ठेवली. फ्रान्समधील लूर्द हे १८५८ पासूनचे तीर्थ याचे उत्तम उदाहरण होय. तेथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे. रोगमुक्तीचे सात हजारांहून अधिक दावे तेथे नोंदले गेले. त्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले दावे सुमारे सत्तर आहेत. आपल्याकडे वांद्र्याच्या माउंट मेरीला भाविक हातापायांच्या आकाराच्या मेणाच्या प्रतिमा वाहतात. ती याच जुन्या तीर्थपरंपरेची शाखा आहे, आणि ती वाहणाऱ्यांत ख्रिस्तीतर भाविकही पुष्कळ असतात.

एकोणिसाव्या शतकातील नवी लाट

आजच्या प्रार्थनासभेचे मूळ एकोणिसाव्या शतकातील युरोप-अमेरिकेत आहे. जर्मनीतील मोटलिंगेन गावी योहान ख्रिस्तोफ ब्लूमहार्ट या पाळकाने १८४२-४३ साली एका पीडित तरुणीसाठी दीर्घकाळ प्रार्थना केली. ती बरी झाल्याची वार्ता पसरली आणि रोग्यांची रीघ लागली. स्वित्झर्लंडमधील मेनेडॉर्फ येथे डोरोथेआ ट्रूडेल ही स्त्री रोग्यांना आपल्या घरी ठेवून घेत असे आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करीत असे. परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल तिच्यावर खटला भरण्यात आला. १८६१ साली ती निर्दोष सुटली.

अमेरिकेत या विचाराला सिद्धान्ताचे रूप मिळाले. ए. जे. गॉर्डन याचा या विषयावरील ग्रंथ १८८२ साली निघाला. ए. बी. सिम्पसन हा प्रेस्बिटेरियन पाळक स्वतः हृदयविकाराने त्रस्त होता. १८८१ साली आपण प्रार्थनेने बरे झालो, असे त्याने सांगितले. पुढे १८८७ साली त्याने उभारलेल्या चळवळीतून 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' ही संस्था आकाराला आली. येशू हा तारणारा, पवित्र करणारा, रोग बरा करणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, अशी चौपदरी शिकवण सिम्पसनने दिली. त्यातील सिद्धान्ताचा गाभा असा : येशूने क्रूसावर माणसाचे पाप वाहिले, तसे त्याचे रोगही वाहिले. म्हणून पापक्षमा जशी विश्वासाने मिळते, तशी रोगमुक्तीही विश्वासाने मिळते.

हे वाक्य नीट लक्षात घेतले पाहिजे, कारण पुढील सारा प्रश्न त्यातून निर्माण होतो. रोगमुक्ती जर आधीच विकत घेतलेली आहे आणि ती केवळ विश्वासाने हस्तगत करावयाची आहे, तर ती न मिळाल्यास उणीव कोणाची? देणाऱ्याची उणीव असू शकत नाही. उरतो तो रोगी.

काहींनी हा सिद्धान्त टोकाला नेला. जॉन अलेक्झांडर डाउई याने १९०० च्या सुमारास इलिनॉय राज्यात 'झायन' हे नगर वसविले आणि तेथे डॉक्टर व औषधविक्रेते यांना मज्जाव केला. इंग्लंडमधील 'पिक्युलिअर पीपल' नावाच्या पंथातील आईबापांनी आजारी मुलांना वैद्यकीय मदत नाकारल्यामुळे खटले झाले. १८६८ साली अशा एका खटल्यात आईबाप सुटले. त्याच वर्षी कायदा बदलला आणि १८९९ साली एका पित्याला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यात आले. श्रद्धेचे स्वातंत्र्य प्रौढाला आहे, पण ती श्रद्धा मुलाच्या जिवावर बेतू देण्याचा अधिकार त्याला नाही, हे तत्त्व तेथे असे प्रस्थापित झाले.

१९०६ साली लॉस एंजेलिस येथील अझूसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली जी जागृती झाली, तिच्यातून पेन्टेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. पवित्र आत्म्याचा संचार, अन्य भाषांत बोलणे आणि रोगमुक्ती ही तिची लक्षणे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी मोठ्या तंबूंतील रोगमुक्ती सभा आणि पुढे दूरचित्रवाणी यांचा वापर केला. केनेथ हेगिन याच्या शिकवणीत तर रोग्याने 'मी बरा झालो आहे' असे आधीच उच्चारावे, लक्षणांकडे लक्ष देऊ नये, असा आग्रह आला.

महाराष्ट्रात : केडगाव, वऱ्हाड आणि मिरज

हा सारा इतिहास परदेशाचा आहे, असे वाचकांस वाटेल. वस्तुतः त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या दाराशी घडलेले आहे. माढा तालुक्यातील कुर्डूवाडी जंक्शनवरून पुण्याकडे निघालेली गाडी दौंड ओलांडून केडगावला पोहोचते. तेथे पंडिता रमाबाई यांचे मुक्ती मिशन आहे. १९०५ सालच्या जूनमध्ये, म्हणजे अझूसा स्ट्रीटच्या आधी, तेथील मुलींमध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. रडणे, पापांची कबुली, अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आणि पुढे अन्य भाषांत बोलणे असे प्रकार तेथे नोंदले गेले. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली आणि १९०९ च्या तेथील पेन्टेकॉस्टल जागृतीला कारणीभूत झाली. जगाच्या धार्मिक इतिहासात केडगावचे नाव यामुळे आहे.

परंतु केडगावच्या जागृतीचा भर रोगमुक्तीपेक्षा पश्चात्तापावर होता. शिवाय रमाबाई आजाराचा प्रश्न केवळ प्रार्थनेवर सोडणाऱ्या नव्हत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रातून जाहीरपणे लिहिले. रुग्णालय असावे, पण तेथे स्त्रीची अप्रतिष्ठा होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. प्रार्थनेवर गाढ विश्वास असणारी व्यक्तीही रुग्णालयाच्या कारभाराविषयी सरकारला जाब विचारू शकते, हे त्यावरून दिसते.

सिम्पसनची रोगमुक्तीची शिकवण अधिक थेटपणे आली ती वऱ्हाड-खानदेशात. अलायन्स मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत अकोल्याच्या परिसरात काम उभे केले. या मिशनमधील जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर १९०० साली लिहिलेल्या ग्रंथास रमाबाईंची प्रस्तावना आहे.

आता कुर्डूवाडीहून दुसऱ्या लोहमार्गाने जाऊ. हा मार्ग पंढरपूरवरून मिरजेला जातो. तेथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले; कुष्ठरोग्यांची आणि क्षयरोग्यांची वेगळी सोय झाली. अशा मिशन रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना म्हणण्याची पद्धत होती, पण प्रार्थनेनंतर शस्त्र हातात घेतले जाई. वॉन्लेस ज्या येशूच्या नावाने रोग्याची सेवा करीत होते, त्याच येशूच्या नावाने डाउई डॉक्टरांना नगरात येऊ देत नव्हता. म्हणून सरसकट 'ख्रिस्ती लोक असे मानतात' असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रातील बहुजनांना आधुनिक वैद्यकाची पहिली ओळख ज्यांनी करून दिली, त्यांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे.

साक्ष आणि पुरावा

प्रार्थनासभेत साक्ष देणारा मनुष्य बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच बरे वाटलेले असते. प्रश्न हा की, ते कशामुळे?

या संदर्भात अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील एक सुत्त मार्गदर्शक आहे. भगवंतांनी तेथे रोग्यांचे तीन प्रकार सांगितले. पहिला, योग्य आहार, औषध आणि परिचारक मिळो वा न मिळो, जो बरा होत नाही. दुसरा, या गोष्टी मिळोत वा न मिळोत, जो बरा होतोच. तिसरा, जो त्या मिळाल्या तरच बरा होतो, अन्यथा नाही. या तिसऱ्यासाठी उपचार सांगितलेले आहेत, आणि त्याच्यामुळे इतर दोघांचीही शुश्रूषा करावयाची आहे.

आधुनिक वैद्यकाचे एक मूलभूत तत्त्व या विभागणीत आलेले आहे. ताप, जुलाब, कावीळ, कंबरदुखी, सांधेदुखी यांतील पुष्कळ रोगी दुसऱ्या प्रकारचे असतात. जुने दुखणे कमीजास्त होत असते आणि ते अगदी वाढते तेव्हाच माणूस सभेला जातो. त्यानंतर ते उतरणे स्वाभाविक असते. काहींचे औषधही चालू असते. वेदना, मळमळ, निद्रानाश, भीती यांवर विश्वासाचा व आपुलकीच्या स्पर्शाचा खरा परिणाम होतो. मात्र त्याने गाठ विरघळत नाही आणि जंतू मरत नाहीत. शिवाय व्यासपीठावर फक्त बरा झालेलाच येतो; जो तसाच घरी परतला, त्याची साक्ष कोणी घेत नाही. म्हणून केवळ साक्षींची बेरीज करून प्रार्थनेचे सामर्थ्य सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रार्थना केलेले आणि न केलेले रोगी यांची तुलना करावी लागते.

अशी तुलना झालेली आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने १८७२ साली साधा प्रश्न विचारला : राजघराण्यांच्या दीर्घायुष्यासाठी सारा देश प्रार्थना करतो, मग ते अधिक जगतात काय? त्याच्या आकडेवारीत ते उलट कमीच जगत होते. अधिक काटेकोर प्रयोगाचे निष्कर्ष २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. सहा रुग्णालयांतील हृदय-शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रोग्यांचे तीन गट करून ख्रिस्ती प्रार्थनागटांकडून दोन गटांसाठी प्रार्थना करविण्यात आली. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही, हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांत प्रार्थना झालेल्या गटातील ५२ टक्के आणि न झालेल्या गटातील ५१ टक्के रोग्यांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे निश्चितपणे सांगितलेल्या गटात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. दूरस्थ प्रार्थनेने लाभ झाला नाही. आपल्यासाठी प्रार्थना करावी लागते इतके आपण गंभीर आहोत काय, या चिंतेचा तो परिणाम असू शकेल, असा एक तर्क संशोधकांनी केला.

न बरा झालेला रोगी

आता मुख्य कसोटीकडे येऊ. प्रार्थनेनंतर जो बरा होत नाही, त्याला काय सांगितले जाते? संयमी चर्चांतून सांगितले जाते की ईश्वराची इच्छा गूढ आहे, औषध चालू ठेवा, आम्ही तुमच्या सोबत आहोत. येथे पौलाचा धागा दिसतो. परंतु ज्या सभांमध्ये रोगमुक्तीची हमी दिली जाते, तेथे उत्तर वेगळे असते : तुझा विश्वास कमी पडला, घरात काही पाप लपलेले आहे, किंवा तू औषध घेतोस म्हणजे अजून संशय धरतोस. रोगाचे दुःख असलेल्या माणसावर आता अपराधाचेही ओझे पडते. जन्मांध माणसाविषयी येशूने जो प्रश्न फेटाळला, तोच प्रश्न येथे त्याच्या नावाने पुन्हा विचारला जातो. आपल्या समाजाला हे तर्कशास्त्र नवे नाही. तुमचे दुःख हे तुमच्याच मागच्या पापाचे फळ आहे, असे शतकानुशतके आपल्या पूर्वजांना ऐकविले गेले.

दुसरा धोका कालहरणाचा. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात काही आठवड्यांतच खोकला व ताप उतरतो आणि रोग्याला बरे वाटते. पण औषधे साधारण सहा महिने घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर रोग उलटतो आणि त्या औषधांना दाद देईनासा होतो. अपस्माराच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके वाढतात. ज्या मधुमेहीला इन्सुलिनची गरज आहे, त्याने ते बंद केल्यास काही दिवसांत जीव जाऊ शकतो. स्तनातील गाठ आरंभी दुखत नाही. ती दुखत नाही म्हणून प्रार्थनेने शमली असे वाटते.

कालहरणाची किंमत किती, हे कुर्डूवाडीहून निघणाऱ्या तिसऱ्या लोहमार्गावर, शेजारच्या बार्शीत पाहता येते. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव जाऊन स्त्रियांना लक्षणांची माहिती दिल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रोगी आधीच्या अवस्थेत येऊ लागले, असे त्या नोंदींवरून १९९५ साली दाखविण्यात आले. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ज्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या स्त्रियांबाबत नैतिक प्रश्नही पुढे विचारले गेले, आणि ते विचारलेच पाहिजेत. तथापि वेळेवर झालेल्या एका तपासणीने एवढे जीव वाचतात, हे सत्य त्यामुळे उणे होत नाही.

स्वतःच्या परंपरेकडे पाहताना

येथवर वाचून, हे दोष केवळ इतरांचे आहेत, असे समाधान कोणी मानू नये. पालि वाङ्मयातही पठणाने रोग शमल्याच्या कथा आहेत. संयुत्त निकायात महाकाश्यप आणि महामोग्गल्लान यांना भगवंतांनी आजारात सात बोध्यंगे सांगितली आणि ते बरे झाले. स्वतः भगवंत आजारी असता महाचुन्दाने ती सांगितली, असे येते. अंगुलिमालाने आपल्या आर्य जीवनाविषयीचे सत्यवचन उच्चारताच प्रसूतिवेदनांत सापडलेल्या स्त्रीची सुटका झाली, असे मज्झिम निकाय सांगतो. परित्त पठण, पाण्याचा कलश आणि मनगटावरील धागा ही याच वाटेवरची पुढची ठाणी होत.

'मिलिंदपञ्हा'त राजा मिलिंद नेमका आपलाच प्रश्न विचारतो : परित्ताने रक्षण होते, तर माणसे मरतात का? नागसेन आधी प्रामाणिक उत्तर देतात. ज्याचे आयुष्यच संपले, त्याला परित्त वाचवू शकत नाही. सुकलेल्या झाडाला हजार घागरी पाणी घातले तरी त्याला पालवी फुटत नाही. परंतु पुढे ते सांगतात की पूर्वकर्माचा अडसर, क्लेशांचा अडसर आणि श्रद्धेचा अभाव या तीन कारणांनी परित्त निष्फळ होते. या यादीतील तिसरे कारण आणि रोगमुक्ती सभेतील 'तुझा विश्वास कमी पडला' हे वाक्य यांत अंतर फार थोडे आहे. ग्रंथ आपला आहे म्हणून त्यास वेगळी कसोटी लावता येणार नाही.

सुत्तपिटकात याहून निराळे आणि खंबीर उत्तर मिळते. संयुत्त निकायातील सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की, माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर आहे काय? भगवंतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली : पित्त, कफ, वात, तिन्हींचा प्रकोप, ऋतुपालट, शरीराची चुकीची हेळसांड, बाह्य आघात आणि आठवे कर्मविपाक. सारे काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाला आणि जगात सत्य मानल्या गेलेल्या गोष्टीला सोडून बोलतात, असेही त्यांनी सांगितले. वृद्ध नकुलपित्याला त्यांनी शरीर बरे करून देण्याचे वचन दिले नाही. शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देऊ नये, असा अभ्यास त्यास सांगितला.

आणि विनयातील तो प्रसंग तर सर्वपरिचित आहे. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातले, उचलून मंचकावर ठेवले आणि मग संघाला विचारले की, याची शुश्रूषा कोणी का करीत नाही? आपली सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा उपदेश त्यांनी केला आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, मलमूत्राची किळस न वाटणे हे त्यांतील काही होत. ही गुणांची यादी आजही कोणत्याही परिचर्या महाविद्यालयाच्या भिंतीवर शोभेल.

काय करावे

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. चमत्कारी उपायांची जाहिरात करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे त्यानुसार गुन्हा आहे. शारीरिक इजा न करणारी प्रार्थना व उपासना मात्र या कायद्याने रोखलेली नाही, आणि हे योग्यच आहे. कायदा सर्वांना सारखा आहे. भगत, बुवा, बाबा, पास्टर आणि धागा बांधणारा यांत तो भेद करीत नाही. म्हणूनच रोगमुक्तीच्या दाव्याचे निमित्त करून एखाद्या ख्रिस्ती प्रार्थनासभेवर जमावाने चालून जाणे, हे विवेकाचे काम नव्हे. तो निव्वळ द्वेष आहे, आणि ज्यांनी स्वतः बहिष्कार भोगला त्यांना तो ओळखता आला पाहिजे.

कायद्याने सुटणार नाही असा प्रश्न मात्र उरतो. आपली माणसे त्या सभेला का जातात? तेथे कोणीतरी त्यांचे नाव विचारतो, दुखणे ऐकून घेतो, मस्तकावर हात ठेवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चौकशी करतो. दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात, आणि विहारात तर आजाऱ्याची चौकशी करण्याची रीतच पुष्कळ ठिकाणी राहिलेली नाही. ही पोकळी आहे तोवर केवळ खंडनाचे लेख लिहून काही साधणार नाही.

प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील दीर्घ आजाऱ्यांची एक वही ठेवावी. क्षय, मधुमेह, अपस्मार आणि मानसिक आजार असलेल्यांच्या घरी आठवड्यातून एकदा दोन उपासक-उपासिकांनी जावे. औषध संपले आहे काय, हे विचारावे. ज्याला सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात किंवा बार्शीला जावयाचे आहे, त्याच्यासोबत केसपेपर काढण्यापासून डॉक्टरचे म्हणणे समजून घेईपर्यंत एक लिहितावाचता माणूस द्यावा. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी कर्करोगाची तपासणी करून घ्यावी, हे वंदनेनंतर दोन वाक्यांत सांगावे. ज्या घरचे लोक प्रार्थनासभेला जातात, त्यांच्याशी वाद न घालता एवढेच सांगावे की जा, पण गोळ्या बंद करू नका. परित्त पठण करावयाचे असेल तर रोग्याला धीर मिळावा म्हणून करावे, आणि त्याने रोग जाईल असे चुकूनही म्हणू नये.

ज्याचा आजार बरा होणारा नाही, त्याच्याही घरी जावे. तिकनिपातातील पहिल्या प्रकारचा रोगी तोच आहे, आणि त्याचीही शुश्रूषा करावयाची आहे. त्याच्या श्रद्धेत काय उणे होते किंवा त्याने कोणते कर्म केले होते, हे त्याच्या खाटेजवळ बसून कोणी विचारू नये.